नकोसा झालेला मासा : दुकानदाराने घ्यावा की नाकारावा?

रंगीत माशांचे दुकान चालविणाऱ्या प्रत्येकापुढे हा प्रश्न कधी ना कधी येतोच. ग्राहक हातात पाण्याची पिशवी किंवा झाकणाची बादली घेऊन गल्ल्याजवळ येतो आणि म्हणतो, "भाई, हा मासा ठेवून घ्या. पैसे नकोत, पण ठेवून घ्या." मासा आपल्याच दुकानातून गेलेला असतो असेही नाही. ठेवून घ्यावा तर टाकीत जागा नाही आणि रोगाची धास्ती आहे. नाकारावा तर ग्राहक तोंड पाडून निघून जातो आणि मासा बहुधा जवळच्या तळ्यात किंवा नाल्यात जाऊन पडतो.

मुंबईतील क्रॉफर्ड मार्केट आणि कुर्ल्याचा माशांचा बाजार यांवर आपल्या अनेक बांधवांचा कारोबार चालतो. लहान शहरांतही पाळीव पक्षी व मासे विकणारी, काचेच्या टाक्या बनविणारी दुकाने आहेत. या सर्वांसाठी आज आम्ही या प्रश्नाचा सविस्तर विचार करणार आहोत. आमचे मत आधीच सांगून टाकतो : असा मासा घेण्याची रीत दुकानाने बसवावी, पण ती डोळे झाकून नव्हे. तिला नियम असावेत, वही असावी आणि हिशेब असावा.

मासा नकोसा का होतो?

बहुतेक वेळा दोष माशाचा नसतो, विक्रीच्या वेळी न सांगितलेल्या गोष्टीचा असतो. ऑस्कर मासा आपण दोन इंचाचा असताना विकतो. चांगले खाद्य मिळाले तर वर्ष-दीड वर्षात तो दहा ते बारा इंचांचा होतो आणि दहा वर्षेही जगतो. 'शार्क' म्हणून जो चंदेरी, चपळ मासा जोडीने विकला जातो तो खरे पाहता पंगॅशियस जातीचा, म्हणजे खाण्यासाठी तळ्यांतून वाढविला जाणारा मासा आहे. त्याची वाढ तीन फुटांच्या वर जाते. टाकीची काच साफ करतो म्हणून दिला जाणारा 'सकर' किंवा 'क्लीनर' दीड फुटापर्यंत वाढतो. चंदेरी अरोवाना तीन फूट लांब होतो. फ्लॉवरहॉर्न आकाराने आवरता येतो, पण स्वभावाने भांडखोर, त्यामुळे त्याला एकट्यालाच ठेवावे लागते.

आता घराकडे पाहू. सामान्य ग्राहकाकडे दोन फूट लांब, एक फूट रुंद आणि एक फूट उंच अशी टाकी असते. तिच्यात काठोकाठ ५६ लिटरच्या आसपास पाणी मावते. मोठ्या माशासाठी चार फूट लांब, दीड फूट रुंद आणि दीड फूट उंच टाकी घ्यायची म्हटले तर पाणी २५५ लिटर, म्हणजे नुसत्या पाण्याचे वजन २५५ किलो झाले. काच, रेती आणि स्टँड धरून वजन ३०० किलोंच्या वर जाते. एका खोलीत सहा माणसे राहणाऱ्या कुटुंबाने ही टाकी ठेवायची कुठे? म्हणून मासा परत येतो. याखेरीज घर बदलणे, परगावी नोकरी लागणे, घरातील आजारपण, मुलांची हौस ओसरणे ही कारणे आहेतच. अशा ग्राहकाला रागे भरू नये. जो मासा घेऊन दुकानापर्यंत चालत आला, त्याच्या मनात त्या जिवाबद्दल काळजी आहे हे तरी मान्य करावे.

चुकीचे तीन मार्ग

पहिला मार्ग तळ्याचा. "मोकळ्या पाण्यात सोडला, सुखी राहील" असे लोकांना वाटते. टाकीत दाण्यावर वाढलेले बहुतेक मासे काही दिवसांत मरतात. जे तगतात ते त्याहून मोठे नुकसान करतात. सकर मासा मूळचा दक्षिण अमेरिकेतील. त्याच्या अंगावर हाडासारखे कठीण कवच आणि परांना काटे असतात, त्यामुळे मच्छीमाराचे जाळे फाटते. तो काठाच्या मातीत बिळे करून अंडी घालतो आणि पाण्यात प्राणवायू कमी पडला तर वर येऊन हवा गिळतो, म्हणून सहजासहजी मरत नाही. कोलकात्याच्या पूर्वेकडील पाणथळीत आणि आंध्रातील तळ्यांत त्याने मत्स्यशेतीला उपद्रव दिला आहे. आपल्या भीमा नदीवरील उजनी जलाशयातही तो मच्छीमारांच्या जाळ्यात येऊ लागला. याला बाजारात भाव नाही, म्हणजे जाळे फाटले ते फाटले आणि हाती काही नाही. २०२३ मध्ये भोपाळच्या तलावात आणि त्यानंतर श्रीनगरच्या दल सरोवरात उत्तर अमेरिकेतील अ‍ॅलिगेटर गार हा मगरीसारख्या तोंडाचा मासा सापडला. तो तेथे स्वतः पोहत आलेला नाही, कोणाच्या तरी टाकीतून आला. आपण विकलेल्या माशामुळे दुसऱ्या गरिबाची रोजी बुडत असेल तर तो विषय आपलाही आहे.

दुसरा मार्ग गटाराचा किंवा संडासाचा. जिवंत मासा असा टाकणे हा उघड जुलूम आहे. मेलेल्या माशाबरोबर रोगही पाण्यात जातो.

तिसरा मार्ग दुकान बंद असताना बादली दारात ठेवून जाण्याचा. सकाळी दुकान उघडेपर्यंत मासा गुदमरून मेलेला असतो. ज्या दुकानात मासा घेण्याची ठरलेली वेळ आणि रीत असते, तेथे हा प्रकार सहसा होत नाही. दुकानावर एक पाटी लावा : 'नको असलेले मासे विचारून आणावेत. वेळ सकाळची.' एवढी पाटी पुष्कळ काम करते.

कोणता घ्यावा, कोणता नाही?

सरसकट हो म्हणणारा दुकानदार महिन्याभरात थकतो. म्हणून तीन वाटे करावेत.

पहिला वाटा सहज घेता येतील अशा माशांचा. गप्पी, मॉली, प्लॅटी, एंजल, गुरामी, लहान गोल्डफिश. यांना गिऱ्हाईक मिळते.

दुसरा वाटा गिऱ्हाईक आधी ठरवून मग घ्यायच्या माशांचा. मोठा ऑस्कर, फ्लॉवरहॉर्न, अरोवाना, मोठा सकर, मोठा शार्क. यांच्यासाठी वहीत दोन याद्या ठेवा. एकीत ज्यांना मासा द्यायचा आहे त्यांची नावे, दुसरीत ज्यांच्याकडे मोठी टाकी किंवा बागेतील बंदिस्त हौद आहे त्यांची. दोघांची गाठ घालून द्या. मासा दुकानात न उतरता एका घरातून दुसऱ्या घरात जातो, तुमची टाकी अडत नाही आणि दोन्ही ग्राहक तुमचे राहतात. हौद मात्र असा असावा की पावसाळ्यात भरून वाहिला तरी मासा नाल्यात जाणार नाही.

तिसरा वाटा न घेण्याचा. स्पष्ट आजारी मासा विक्रीसाठी घेऊ नये. ग्राहकाला उपचार सांगावा, औषध द्यावे. आशियाई अरोवाना कागदपत्रांशिवाय घेऊ नये. हा मासा आंतरराष्ट्रीय करारात सर्वांत कडक संरक्षणाच्या यादीत आहे. वन्यजीव संरक्षण कायद्यात २०२२ मध्ये झालेली दुरुस्ती १ एप्रिल २०२३ पासून अमलात आली आणि अशा जातींचे जिवंत प्राणी बाळगणाऱ्याने त्यांची सरकारदरबारी नोंद करणे आवश्यक झाले. २०२४ मध्ये त्या नोंदणीचे नियमही आले. मालक बदलला तरी ते कळवावे लागते. "एका ओळखीच्याने दिला" हे उत्तर तपासणीत चालत नाही. तसेच आफ्रिकन मांगूर कोणी आणला तर तो विक्रीला ठेवू नये. त्याच्या पालनावर केंद्र सरकारने २००० मध्येच बंदी घातली आहे.

घेण्यापूर्वी विचारायचे सहा प्रश्न

वहीत सहा रकाने आखा आणि ग्राहकाला विचारून भरा. मासा किती दिवसांपासून आहे? काय खातो? बरोबर कोणते मासे होते? गेल्या महिन्यात टाकीत नवा मासा आणला होता का, कोणता मेला का? पाणी केव्हा आणि किती बदलले? देण्याचे कारण काय?

शेवटच्या प्रश्नाचे उत्तर नीट ऐका. "दुसऱ्यांना मारतो" म्हटले तर तो मासा मिश्र टाकीत सोडता येणार नाही. "एकएक करून बाकीचे मेले, हाच उरला" म्हटले तर हा मासा रोग घेऊन आला आहे असे समजूनच चाला. हे सर्व विचारायला पाच मिनिटे लागतात. न विचारता घेतलेला एक मासा शंभर माशांची टाकी रिकामी करू शकतो.

आणताना ग्राहकाने काय करावे?

हे ग्राहकाला आधी सांगून ठेवा. आणण्यापूर्वी एक दिवस माशाला दाणा घालू नये, म्हणजे वाटेत पाणी घाण होत नाही. पिशवीत एक भाग पाणी आणि दोन भाग हवा असावी. पुष्कळ लोक पिशवी पाण्याने गच्च भरतात आणि मासा गुदमरतो. पाणी त्याच टाकीतले घ्यावे. काटेरी माशासाठी एकात एक दोन पिशव्या घालाव्यात. मोठ्या माशासाठी झाकणाची बादली बरी, कारण तो झाकण नसेल तर उडी मारतो. पिशवी कागदात गुंडाळून अंधार केला की मासा शांत राहतो. भर दुपारच्या उन्हात आणू नये.

दुकानात आल्यावर

पिशवी बंद असतानाच टाकीच्या पाण्यावर पंधरा-वीस मिनिटे तरंगत ठेवा, म्हणजे दोन्ही पाण्यांची ऊब सारखी होते. जवळून आलेल्या माशाच्या पिशवीत पुढे अर्धा तास थोडे थोडे टाकीचे पाणी घाला आणि नंतर मासा जाळीने उचलून टाकीत सोडा. पिशवीतले पाणी टाकीत ओतू नका.

परगावाहून कित्येक तास प्रवास करून आलेल्या पिशवीची गोष्ट वेगळी. बंद पिशवीत माशाच्या श्वासातला वायू साचून पाणी आंबटसर होते, त्यामुळे त्यातील अमोनिया तितका जहाल राहत नाही. पिशवी उघडताच तो वायू निघून जातो आणि तोच अमोनिया माशाला जाळू लागतो. म्हणून अशी पिशवी उघडल्यावर तासभर रेंगाळू नये. ऊब सारखी झाली की मासा लगेच स्वच्छ पाण्यात घ्यावा.

ज्या घरी महिनोन्‌महिने पाणी बदललेले नाही, तेथील मासा त्या जुन्या पाण्याला सरावलेला असतो. जवळून आला असला तरी त्याला एकदम ताज्या पाण्यात टाकले तर धक्का बसतो. त्याच्यासाठी पाणी मिसळण्याचे काम दीड-दोन तास चालू ठेवा. नळाच्या पाण्यातील क्लोरीन काढायला हायपोचे खडे किंवा बाजारातील क्लोरीनविरोधी औषध वापरा, किंवा पाणी हवा सोडून एक दिवस ठेवा.

वेगळी टाकी : यात तडजोड नाही

बाहेरून आलेला मासा तीन आठवडे वेगळ्या टाकीत ठेवावा. तिची जाळी, नळी आणि बादली वेगळी असावी. जाळी ओली असताना एका टाकीतून दुसऱ्या टाकीत घालणे हेच रोग पसरण्याचे मोठे कारण आहे. तीन आठवडे कशासाठी ते समजून घ्या. पांढरे ठिपके येणाऱ्या रोगाचा जंतू माशाच्या कातडीखाली वाढतो, मग गळून तळाशी बसतो, तेथे त्याचे शेकडो तुकडे होतात आणि ते पुन्हा मासा शोधत पोहतात. औषध त्यांना या पोहण्याच्या काळातच मारते. आपल्याकडील उबेत हे चक्र साधारण आठवडाभरात फिरते. म्हणून ठिपके दिसेनासे होताच औषध बंद करणाऱ्याच्या टाकीत रोग परत येतो. तीन आठवड्यांत दोन-तीन चक्रे उलटून जातात आणि काही लपलेले असेल तर बाहेर पडते. सकर, शार्क अशा खवले नसलेल्या किंवा कॅटफिश जातीच्या माशांना मॅलेकाइट ग्रीनची पूर्ण मात्रा सोसत नाही, त्यांना निम्मी द्यावी.

एक सूचना स्वतःच्या हातांसाठी. बोटाला जखम असेल तर आजारी टाकीत हात घालू नका, रबरी हातमोजे वापरा. माशांच्या क्षयासारख्या रोगाचा जंतू जखमेतून माणसाच्या कातडीत शिरतो आणि ती गाठ बरी व्हायला महिने लागतात.

पैशाचा हिशेब

मासा घेण्याच्या तीन रीती आहेत. एक, फुकट घेणे. दोन, मालाच्या रूपाने मोबदला देणे, म्हणजे ठराविक रकमेचा दाणा, औषध किंवा लहान मासे देणे. तीन, विक्रीसाठी ठेवून घेणे आणि विकल्यावर आपला वाटा कापून रक्कम देणे.

दुसऱ्या रीतीचा हिशेब मांडून पाहू. आकडे केवळ समजण्यासाठी घेतले आहेत, आपापल्या दुकानाचे घालून पाहावेत. समजा एक मोठा ऑस्कर आला आणि तो ५०० रुपयांना जाईल असा अंदाज आहे. दाणा, वीज, औषध आणि अडलेली जागा मिळून रोजचे १० रुपये धरले तर २१ दिवसांचे २१० रुपये झाले. अशा चार माशांतून एक दगावतो असे धरले तर ५०० ची खरी किंमत ३७५ राहते. त्यातून २१० वजा केले की हाती १६५ रुपये उरतात. यापेक्षा जास्त मोबदला दिला तर तोटा. समजा आपण १०० रुपयांचा माल दिला आणि त्या मालावर आपला नफा ३० रुपये आहे, तर प्रत्यक्ष खर्च ७० रुपयेच झाला. म्हणजे ९५ रुपये शिल्लक. पण मासा तीन आठवड्यांऐवजी दोन महिने दुकानात राहिला, तर खर्चच ६०० रुपये होतो आणि सारे गणित उलटते. यावरून एक नियम निघतो : ज्या मोठ्या माशाला गिऱ्हाईक ठरलेले नाही, त्याला मोबदला देऊ नये.

या हिशेबात न आलेली एक गोष्ट आहे. ज्याने मासा आणून दिला त्याच्या घरी टाकी रिकामी आहे. त्याला समजुतीने सल्ला दिला तर त्या टाकीत मावतील असे मासे तो तुमच्याकडूनच नेईल. नाकारलेला ग्राहक टाकी भंगारात देतो.

तिसऱ्या रीतीत भांडणे होतात, म्हणून तेथे लेखी पावती हवीच. विक्रीसाठी ठेवलेला मासा दुकानदाराकडे अमानत आहे. रीतसर काळजी घेऊनही तो मेला तर नुकसान मालकाचे, आणि दुकानदाराच्या निष्काळजीपणामुळे मेला तर भरपाई दुकानदाराची, हे दोघांनी आधीच मान्य करून लिहून ठेवावे. आपला वाटा किती, कमीत कमी किंमत किती, किती दिवसांत न विकल्यास मालकाने परत न्यायचा, हेही त्याच पावतीवर लिहावे. फुकट घेतलेल्या माशाबाबतही एक वाक्य स्पष्ट बोलावे, "हा मासा आम्ही पुढे विकू शकतो." नाही तर आठवड्याने ग्राहक आपलाच मासा किंमत लावलेल्या टाकीत पाहतो आणि मन कडू करून घेतो.

पुढच्या गिऱ्हाइकाला खरे सांगा

घरातून आलेला मासा नव्या आलेल्या मालात मिसळून विकू नये. वय अंदाजे किती, कोणत्या टाकीत होता, का दिला गेला, हे गिऱ्हाइकाला सांगावे. भांडखोर मासा 'शांत आहे' म्हणून विकला तर आठवड्यात तो परत येईल आणि बरोबर तक्रारही घेऊन येईल. मालातील दोष लपवून विकणे आपल्याकडे धर्मानेही वर्ज्य आहे आणि व्यवहारानेही नुकसानीचे आहे. उलट "हा एकटाच ठेवावा लागेल, पण दाणा हातातून घेतो" असे सांगितले तर तसाच मासा शोधणारा गिऱ्हाईक खुशीने घेऊन जातो.

मूळ उपाय विक्रीच्या वेळी

परत येणारे मासे कमी करायचे असतील तर प्रत्येक टाकीवर किमतीच्या चिठ्ठीत दोन शब्द वाढवा : पूर्ण वाढ किती आणि टाकी किती मोठी लागेल. 'शार्क, जोडी, वाढ ३ फूट' एवढे वाचून दोन फुटांची टाकी असलेला माणूस स्वतःच दुसरा मासा निवडतो. एक विक्री गेली असे वाटेल, पण तो गप्पी किंवा मॉली घेऊन जाईल आणि वर्षानुवर्षे दाण्यासाठी येत राहील.

टाकी बनविणाऱ्या कारागीर बांधवांचाही यात वाटा आहे. माप घेताना "यात कोणता मासा ठेवणार?" हा प्रश्न विचारा. ऑस्करसाठी दोन फुटांची टाकी मागणाऱ्याला तेथेच सावध करता येते. शिवाय दुकानदारांना आलेले मासे वेगळे ठेवण्यासाठी लहान टाक्यांचे स्टँड लागतात. प्रत्येक टाकीचे पाणी स्वतंत्र आणि निचरा वेगळा हवा. एका लांब टाकीत नुसती काचेची आडभिंत बसवून पाणी एकच ठेवले तर रोग अडत नाही, हे लक्षात घेऊन काम केले तर कारागिराला नवे काम मिळेल.

सुरुवात लहान ठेवावी. एक वेगळी टाकी, एक वेगळी जाळी, सहा रकान्यांची वही आणि दारावर पाटी. महिन्याला चार-पाचच मासे घ्या, पण ते नीट घ्या. सहा महिन्यांनी वही उघडून पाहा : किती आले, किती जगले, किती विकले, कोणते पुनःपुन्हा परत आले. जो मासा वहीत सारखा दिसतो, तो घाऊक बाजारातून आणायचाच बंद करावा की काय, याचे उत्तर तीच वही देईल.